नरपडच्या गाडीचा जोर

चुलीतली लाकडं ओली असली की घरातली बाई फुंकणी हातात घेते. टर्बो म्हणजे गाडीची फुंकणी, असं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले. फरक एवढाच की ही फुंकायला कुणाला बसावं लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो आणि तो बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात भरतो. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळतं आणि गाडी भरल्या पोटीही चढ हसत चढते.

आता फुंकायचं तरी किती? मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी अशी काही फुंकर मारली होती की चुलीतली सगळी राख सासऱ्यांच्या भाकरीवर. टर्बोने तसं करू नये म्हणून त्याच्या कुशीला एक पत्र्याची डबी बसवलेली असते. डबीत रबराचा पडदा, पडद्याला दांडी आणि डबीच्या डोक्यावर एक बारीक रबरी नळी. नळीतून हवा ओढली गेली की दांडी सरकते आणि टर्बो जोरात फुंकतो. ओढ सुटली की टर्बो नुसता फिरत बसतो आणि गाडीची बैलगाडी होते. नव्या गाड्यांत हे काम विजेवर चालतं. जुन्या गाड्यांत मात्र सगळा कारभार त्या करंगळीहून बारीक नळीच्या हातात.

त्या नळीने तलासरीत माझं नाव केलं. आणि त्या नळीमुळेच समुद्रकाठच्या नरपडची हिराबाय मला अजूनही जेवता जेवता मध्येच आठवते आणि घास हातात राहतो.

आमचं गॅरेज तलासरीला, हायवेला लागून. आता तिथे टायरचं दुकान आहे. गॅरेजचे मालक आमचे हे. मी डबा घेऊन जायचे आणि ह्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचे. पुढे जेवण झाल्यावरही थांबायला लागले, आणि एक दिवस ह्यांनीच हातात पाना दिला. बारावी सायन्सला फिजिक्समध्ये गचकलेली बाई मी, पण रुबाब विचारू नका. पंजाबी ड्रेसवर ह्यांचा जुना शर्ट, केसात अबोलीचा गजरा, डोळ्यांवर गॉगल. मी गाडीची ट्रायल घ्यायला निघाले की नाक्यावरचे रिक्षावाले उठून उभे राहायचे. मला वाटायचं, आदराने. ते आपापल्या रिक्षा बाजूला घ्यायला उठायचे, हे मला फार उशिरा कळलं.

टर्बोच्या गाड्या नव्या नव्या यायला लागल्या तेव्हा वापीला मेकॅनिक लोकांसाठी एक शिबिर झालं. ह्यांना वर्गात बसलं की झोप येते, म्हणून मला पाठवलं. तिथे सगळ्या पुरुषांत मी एकटी. पुढच्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं, शंका विचारल्या, मागच्या बाकांवरच्यांना माझ्या शंकांचा कंटाळा आणला आणि टर्बोची तज्ज्ञ होऊन परत आले.

तज्ज्ञ झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते डहाणूचे एक चिकूचे व्यापारी. गाडी ओढत नव्हती, मागून काळा धूर. मी बॉनेट वर केलं न केलं तोच जाहीर केलं, टर्बो गेला. उतरवला. पुसून टेबलावर ठेवला. पंखा बोटाने फिरवला तर लोण्यासारखा फिरतोय. मी कपाळाला आठ्या घालून तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिले, जणू कधीतरी माझ्या शब्दाला मान देऊन तो अडकेल. शेवटी ह्यांनी चहा पिता पिता हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. आत उंदराने संसार मांडलेला. चिकूच्या पेट्यांत घालतात ते गवत, रद्दीचे कपटे, मधोमध मऊ गादी. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता, टर्बो बिचारा काय फुंकणार. शेठ सगळं बघत होते. ते शांतपणे गुजरातीत म्हणाले, "बेन, टर्बो तो सारो छे. उंदर खराब छे." त्यानंतर डहाणूच्या बाजारात कधीही भेटले की माझी तब्येत विचारायच्या आधी उंदराची विचारायचे.

तेव्हापासून मी शहाणी झाले. गाडीचा जोर गेला म्हटलं की आधी फिल्टर बघायचा. मग टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड पाइपांवर साबणाचं पाणी मारायचं; कुठे हवा फुटत असेल तर तिथे फेस येतो. मग ती बारीक नळी. माझ्याकडे हातात मावणारा एक छोटा पंप होता. तो डबीला लावून हवा ओढायची. दांडी हलली तर डबी ठीक. मग नळीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. असं पायरीपायरीने मागे जात राहायचं. टर्बोला हात सगळ्यात शेवटी. सोपं आहे, पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना धीर धरून करायला वय लागतं.

हिराबाय माझ्याच वयाची. सुके बोंबील आणि जवळा घेऊन तलासरीच्या बाजाराला यायची. माझा मासळीचा रतीब तिच्याकडे, त्यामुळे ओळख जुनी. तिच्या नवऱ्याने समुद्र झेपेनासा झाला तेव्हा होडी विकून एक सात माणसांची जुनी डिझेल गाडी घेतली होती, डहाणूपर्यंत माणसं ने-आण करायला. पण गाडीची हौस पुरती फिटायच्या आतच तो गेला. गाडी मुलाकडे आली. मुलगा नितेश, एकुलता एक, अंकलेश्वरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. आठवड्याच्या सुट्टीला आदल्या संध्याकाळी यायचा आणि सुट्टीच्याच दिवशी दुपारी जेवून निघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. सुट्टीचा वार पाळीनुसार बदलायचा, कधी तो बाजाराचाही असायचा. नरपडहून आतल्या रस्त्याने तलासरी, तिथून हायवे. म्हणजे आमच्या दारावरूनच.

पहिल्यांदा ती गाडी आली ती खऱ्याच बिघाडाने. आईला आणि तिच्या टोपल्यांना बाजारात सोडून नितेश पुढे जाणार होता, आणि गाडी चढावर खोकायला लागली. मी बघितलं तर डबीवरची नळी उष्णतेने तोंडाशी चिरून निघालेली. चिरलेला तुकडा कापला आणि उरलेली परत बसवायला घेतली. नितेश फोनवर होता. हिराबाय ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, एवढीशी नळी, ती काय करते?

झालं. मला कुणी काय करते विचारलं की माझ्यातली वापीची शिबिरार्थी जागी व्हायची. मी फुंकणीपासून सुरुवात केली. सगळं समजावून इंजिन चालू केलं आणि तिचा अंगठा धरून नळीच्या तोंडावर ठेवला. अंगठा खेचला गेला तशी ती दचकली, मग हसली. "ओढतंय गं बाय," ती म्हणाली. "पोर दूध ओढतं ना, तसं."

मग तिने विचारलं, ही निघाली तर इंजिन खराब होतं का. मी गॉगल डोक्यावर सरकवून सांगितलं की इंजिनाला काही धोका नाही, फक्त जोर जातो. पण अशी गाडी हायवेला नेऊ नये, मागून येणारा ट्रक आपल्यासाठी थांबत नाही.

"म्हणजे घरी थांबावं लागतं," ती म्हणाली.

अर्थातच, असं मी म्हटलं. बाई किती पटकन शिकते, म्हणून मला कौतुक वाटलं आणि माझ्या शिकवण्याचं त्याहून जास्त. संध्याकाळी ह्यांना सांगितलंसुद्धा, की नरपडच्या मासळीवालीला टर्बो कळला, तुम्हाला कळायला एवढी वर्षं लागली.

काही आठवड्यांनी दुपारचा नितेश आला. गाडीला जोर नाही. नळी डबीवरून निघालेली. मी वरमले, कारण बसवली मी होती. गाडी ठेवून जा, नीट बघते, म्हणून त्याला सांगितलं. त्याने कारखान्यात फोन केला, गाडी बंद पडली आहे, उद्या येत नाही. आणि एसटीने नरपडला परत गेला. मी नवी नळी टाकली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि मनात म्हटलं, आता निघून दाखव.

ती निघाली नाही. पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा आली, जोर पुन्हा गेलेला, आणि नळी मात्र दोन्ही टोकांना जशीच्या तशी. क्लिपासुद्धा हललेल्या नाहीत. आता माझी परीक्षा होती. फिल्टर बघितला, उंदीर नव्हता. जाड पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, कुठे फेस नाही. डबीला पंप लावला, दांडी झकास हलली. मागे नळीला ओढ कुठून येते तिथे बोट लावलं, ओढ भरपूर. म्हणजे ओढ निघते आणि डबीपर्यंत पोचत नाही. मधल्या मध्ये कोण खातं? ह्यांनी तेव्हाच म्हटलं, नळी चाचपून बघ. पण वापीला शिकून आलेली बाई नळी कशाला चाचपेल. मी नळीतली ओढ धरणारा-सोडणारा, विजेवर चालणारा छोटा वॉल्व बदलला. काही झालं नाही. जुना परत बसवला. गाडी आमच्याकडे मुक्कामाला राहिली, नितेशची आणखी एक सुट्टी वाढली.

शेवटी दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून नळीवरून बोट फिरवत गेले. इंजिनाच्या मागे, जिथे नळी वळण घेऊन खाली जाते आणि वरून दिसत नाही, तिथे बोटाला काहीतरी लागलं. निळा नायलॉनचा दोरा. नळीभोवती दोन वेढे आणि वर चपटी, घट्ट गाठ. नळीचा गळा पार आवळलेला.

हे म्हणाले, कुणा वायरिंगवाल्याने कधीतरी काही बांधलं असेल. पण ती गाठ मी ओळखली होती. जाळं विणतात त्याची गाठ. हिराबायच्या टोपल्यांवरची फडकी त्याच निळ्या दोऱ्याने, त्याच गाठीने बांधलेली असायची, आणि दर आठवड्याला ती सोडवताना माझी नखं तुटायची. मी दोरा कापला, मुठीत धरला आणि नितेशला सांगितलं की मागे नळी चेपली होती, आता ठीक आहे. खोटं म्हणता येणार नाही असं बोलायची कला प्रत्येक मेकॅनिकला येते.

बाजाराच्या दिवशी मी तो दोरा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. बोंबील निवडता निवडता दोरा टोपलीच्या कडेवर ठेवला. ती बोंबील मोजत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

मी विचारलं, "हिराबाय, तुला कळतं का हायवेवर काय झालं असतं?"

"हायवेवर तो नेतच नाही. आपल्या रस्त्यावरच त्याला कळतं. बापाची गाडी आहे, तिचा श्वास त्याला कळतो." मग ती म्हणाली, "एकच रात्र जास्त राहतो गं ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मागतो. एरवी त्या सकाळी चहा प्यायलासुद्धा नसतो."

मी तिला तिथेच सांगू शकले असते, की त्याला सरळ सांग, राहा म्हणून. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. माझ्या डोक्यात काय आलं, तर नायलॉनने रबर कापलं जातं आणि अशाने नळी एक दिवस भलत्याच ठिकाणी फुटेल. तेव्हा मी त्या बाईला, भर बाजारात, सुक्या जवळ्याच्या ढिगाआड, बिघाड नीट कसा करायचा ते शिकवलं. दोरा नको. डबीवरची नळी नुसती ओढून काढ आणि बाजूला ठेव. आणि पुढच्या खेपेला गाडी आली तेव्हा मी आवळायच्या क्लिपा काढून बोटांनी दाबून सुटतील अशा बसवल्या. पन्नाशी उलटलेली, सुना आलेली बाई मी. शाळकरी मुलीसारखा आनंद झाला होता.

तेव्हापासून आमचं दोघींचं सुरू झालं. रोज नाही, दर सुट्टीलाही नाही. महिना-दीड महिना गेला की. हिराबायला तेवढं भान होतं. नितेश आला की मी बॉनेट वर करायचे, नळी बाजूला पडलेली दिसायची, आणि मी गंभीर चेहऱ्याने इकडेतिकडे साबणाचं पाणी मारत राहायचे. मग मान हलवून सांगायचे, आज जाऊ नकोस. तो काही वाद घालायचा नाही. फोन काढायचा, कारखान्यात सांगायचा आणि एसटी पकडायचा.

माझी मात्र तलासरीत शोभा झाली. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक म्हणायचे, भाभीची नळीवाली गाडी आली बघा. ह्यांना तर कळेचना. एकदा चिडून म्हणाले, "आख्खा टर्बो डोळे मिटून बसवतेस आणि एक नळी तुझ्या हातून बसत नाही?" मी म्हटलं, बसत नाही काही काही. आयुष्यात पहिल्यांदा मी कामात कच्ची आहे हे कबूल केलं, आणि तेही नसताना.

बदल्यात हिराबाय बाजारात आली की सगळं सांगायची. नितेशने कौलं सारखी केली. बोंबील वाळत घालायचा बांबूचा मांडव कलला होता, तो नव्याने बांधला, अगदी बापासारखा आधी खड्ड्यात थुंकून. एकदा नुसताच झोपला, उन्हं वर आली तरी उठला नाही, तर तिने शेजारच्यांचा रेडिओ बंद करायला लावला. एकदा काहीच केलं नाही, दोघं ओट्यावर बसून समोरची वाळू बघत राहिले. काय बोललात, असं मी विचारलं. ती म्हणाली, बोलायचं काय, बसलो होतो.

असं ते दोन पावसाळे चाललं असेल. मग एका सकाळी, सुट्टीचा दिवस नसताना, नितेश गाडी घेऊन आला. गाडी धुतलेली, चकचकीत. म्हणाला, भाभी, एकदा सगळं बघून द्या, आज दुसऱ्याला द्यायची आहे. कारखान्यात त्याला बढती मिळाली होती. पाळीचा मुख्य झाला होता. हाताखाली माणसं, आणि मुख्यच वेळेवर आला नाही तर पाळी अडते. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, जुन्या गाडीच्या सबबी आता चालणार नाहीत. नवी गाडी ठरली होती.

मी बॉनेट उघडलं. नळी जागेवर होती, क्लिप बसलेली. मी नकळत बोलून गेले की आज नळी निघाली नाही वाटतं.

"निघाली होती," नितेश म्हणाला. "मीच बसवून आणली."

मी पुसायचा कपडा उगाचच क्लिपेवरून फिरवत राहिले. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि इंजिनाकडे बघतच बोलला.

"ती पहिली गाठ मी बघितली होती भाभी. तुमच्याकडे गाडी आणायच्या आधीच. तशी गाठ आमच्या घरात कोण मारतं, मला माहीत नाही का?"

मग सोडवली का नाहीस, म्हणून मी विचारलं.

"गाडी बंद पडली म्हटलं की साहेब सुट्टी देतो. आई एकटी आहे म्हटलं की देत नाही." तो हसला, पण तेवढ्यापुरताच. "आईला सांगू नका. तिला कळलं असतं तर तिने पुन्हा नळीला हात लावला नसता. मग मी साहेबाला काय सांगितलं असतं?"

म्हणजे बॉनेटच्या या बाजूला मी गंभीर चेहऱ्याने साबणाचं पाणी मारत होते, तेव्हा त्या बाजूला हा पोरगाही तितक्याच गंभीर चेहऱ्याने बघत होता. आणि मला वाटत होतं, अभिनय फक्त मला येतो. मी इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे कुठे काय दुखतंय ते. समोर उभ्या माणसाचं मला काही ऐकू आलं नव्हतं.

गाडी घेणारा मोखाड्याकडचा कुणी होता, तो ती न्यायला गॅरेजवरच आला. तो तिला जीपसारखी, माणसं भरून चालवणार होता. जाताना नितेशने त्याला सांगितलं की टर्बोची नळी अधूनमधून बघत जा. मी त्या क्लिपा काढून पुन्हा आवळायच्या बसवल्या.

नवी गाडी महिन्याभराने दारात आली. पांढरी, आरशासारखी. हिराबाय पुढच्या सीटवर, पदर नीट घेऊन, टोपल्या मागे प्लास्टिकवर. तिला बाजारात सोडून नितेश पुढे जाणार होता. त्याने हौसेने बॉनेट उघडून दाखवलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला, म्हणून तो बाजूला गेला. आता त्याला फोन फार येतात.

हिराबाय बॉनेटजवळ आली. आत सगळ्यावर काळं प्लास्टिकचं झाकण. तिने वाकून या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मग अगदी हळू मला विचारलं, "ताई, यात ती नळी कुठं असते?"

मी सांगितलं की यात नळीच नाही. डबीच्या जागी एक छोटी मोटर असते, ती वायरवर चालते.

"वायर काढली तर?"

"तर त्याच्या समोरच्या पडद्यावर लिहून येतं. कुठली वायर, तेसुद्धा."

तिने मान हलवली. झाकणावर बसलेली धूळ तळहाताने पुसली आणि मागे सरकली. नितेश फोन संपवून आला, बॉनेट लावलं, आईच्या टोपल्या उतरवल्या, पुढच्या सुट्टीला येतो म्हणाला. येतोही तो. एकही सुट्टी चुकवत नाही. दुपारी जेवतो आणि निघतो. त्या दिवशी गाडी हायवेला लागली तेव्हा इतकी सहज वेगात गेली, की मेकॅनिक म्हणून मला ती आवडली असती.

ह्यांनी आतून चहा आणला. हिराबाय ऑइलच्या डब्यावर बसून बशीत चहा ओतत होती. तिचा चेहरा बघवेना. नितेशने सांगू नका म्हटलं होतं, आणि मी इतके दिवस सांगितलं नव्हतं. तेव्हा मात्र मला वाटलं की तिला कळलं तर बरं वाटेल. पोरगा फसत नव्हता, तो आपणहून राहत होता, एवढं तरी तिच्या पदरात पडेल.

"हिराबाय, त्याला माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या गाठीपासून."

तिने बशी खाली ठेवली, चहा न पिता.

"मग मी नुसतं राहा म्हटलं असतं, तरी राहिला असता," ती म्हणाली.

मी घाईघाईने साहेबाचं सांगायला लागले, सुट्टी कशी मिळत नाही, गाडीचं कारण कसं चालायचं, नुसतं राहा म्हणून काही झालं नसतं, असलं बरंच. ती ऐकत नव्हती. टोपलीवरच्या फडक्याची गाठ उगाचच घट्ट करत होती.

"एकदापण म्हटलं नाही गं मी त्याला. जन्माला आल्यापासून. त्याच्या बापालापण नाही. समुद्रात जाणाऱ्याला थांब म्हणायचं नाही, असं आमच्यात शिकवतात. तेच बसलं तोंडात."

आता म्हण, असं मी म्हटलं. तेव्हा ती माझ्याकडे बघून थोडीशी हसली, बोंबलाचा भाव पाडून मागितल्यावर गिऱ्हाइकाकडे बघून हसायची तशी. "आता त्याच्या हाताखाली माणसं आहेत," ती म्हणाली.

तिला सांगायला नको होतं, की फार आधी सांगायला हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नातवंडं विचारतात, आजी, तुला न सुटलेली गाडी कुठली, तर मी त्यांना उंदराची गोष्ट सांगते आणि ती हसतात.

बाजार भरायला लागला होता. हिराबाय उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपली उचलायला हात लाव म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला. टोपली नेहमीएवढीच जड होती. रस्ता ओलांडायला ती कडेला उभी राहिली; गाड्या थांबेनात, म्हणून मी मध्ये जाऊन हात आडवा केला, आणि ती पलीकडे गेली.